जाहिरातीपुरता तह

भूगोलाच्या सरांना सगळं शहर ‘तोफ’ म्हणायचं. या नावाचं सगळ्यात जास्त आश्चर्य खुद्द सरांनाच वाटायचं, कारण वयाची चाळिशी उलटेपर्यंत त्यांचा आवाज वर्गात तिसऱ्या बाकाच्या पलीकडे कधी पोचला नव्हता. मागच्या बाकांवरची मुलं परीक्षेत डोंगर आणि नद्या अंदाजाने लिहायची, आणि सर अंदाजाने मार्क द्यायचे. लग्न झालेलं नव्हतं. का झालं नाही, असं कोणी विचारलं की आई म्हणायची, ‘‘हा मुलीला विचारायचं ठरवतो, तोवर तिला पहिलं पोर झालेलं असतं.’’

अशा माणसाची तोफ कशी झाली, तर त्याला कारण एक कोट.

त्यांच्या देशाचं आणि शेजारच्या देशाचं एका खिंडीवरून भांडण होतं. खिंड उंच डोंगरात होती. तिथे माणूस राहत नव्हता, गवतही धड उगवत नव्हतं, पण ती आपलीच आहे याबद्दल दोन्हीकडच्या लोकांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कधीकाळी दोन्ही देश एकच होते, त्यामुळे भाषा एक, म्हणी एक, शिव्याही त्याच. प्रत्येकाचं म्हणणं एवढंच, की उच्चार मात्र आमचे शुद्ध. अधूनमधून खिंडीत गोळीबार व्हायचा, दोन्हीकडची चार-दोन तरुण पोरं जायची, आणि मग काही दिवस ज्यांची पोरं गेलेली नसायची ते फार मोठ्याने बोलायचे.

हे मोठ्याने बोलणं रोज संध्याकाळी ‘आरपार’ नावाच्या कार्यक्रमात व्हायचं. पडद्यावर तीन चौकोन: मधे निवेदक, एका बाजूला आपला पाहुणा, दुसऱ्या बाजूला पलीकडच्या देशातल्या स्टुडिओतून बोलणारा त्यांचा पाहुणा. आपल्या बाजूने एक निवृत्त कर्नल बोलत. एक दिवस देशासाठी ओरडता ओरडता कर्नलसाहेबांचा घसाच बसला. तोंड हलायचं, आवाज नाही. वाहिनीची माणसं धावत मागच्या गल्लीतल्या कॉलेजात आली. शिक्षकांच्या खोलीत शिरून त्यांनी विचारलं, ‘‘खिंडीबद्दल कोणाला काय माहिती आहे?’’ माहिती सगळ्यांनाच होती. पण त्या दिवशी अंगात कोट एकट्या भूगोलाच्या सरांच्याच होता.

सरांना खुर्चीत बसवलं, कानात एक गुंडी खुपसली, तोंडाला पावडर फासली. समोरच्या छोट्या पडद्यावर पलीकडच्या देशाच्या वकीलबाई दिसत होत्या. केस ओढून बांधलेले, चष्मा, आणि समोरच्याला उलटतपासणीला उभं केल्यासारखी नजर. त्यांच्या देशात त्यांना ‘वाघीण’ म्हणत.

‘‘खिंडीतला ओढा आमच्याकडे उतरतो,’’ वकीलबाई कडाडल्या, ‘‘म्हणजे खिंड कोणाची हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल!’’

सर हळूच म्हणाले, ‘‘तसं नाही, म्हणजे... ओढे दोन आहेत. नकाशात बघितलं तर—’’

‘‘सर, तुम्ही नकाशा उलटा धरलाय. तुमच्या देशात सगळेच उलटा धरतात!’’

सरांना कोणी काहीही बोललं असतं तरी त्यांनी ऐकून घेतलं असतं. जन्मभर तेच केलं होतं. पण नकाशा! सर उठून उभे राहिले. आतून कुठून कोण जाणे एक आवाज निघाला, टेबलावर मूठ आपटली, पाण्याचा ग्लास आडवा झाला, आणि ‘‘उलटा? मी? नकाशा?’’ या तीन शब्दांनी स्टुडिओच्या काचा थरथरल्या. निवेदक आनंदाने गप्प बसला. त्याच्या कारकिर्दीत असं पहिल्यांदाच घडत होतं. मग तो म्हणाला, ‘‘बघत राहा,’’ आणि जाहिरात लागली.

सर खाली बसले. तेवढ्यात कानातली गुंडी म्हणाली, ‘‘ग्लास पडला ना? पाणी खाली ओघळत असेल. वायरीपासून पाय जरा बाजूला घ्या.’’

सरांनी मागे-पुढे पाहिलं.

‘‘इकडे, पडद्यावर. मी बोलतेय.’’

‘‘तुम्ही?’’

‘‘मग कोण? जाहिरात चालू आहे. आत्ता भांडायचं नसतं.’’

‘‘माफ करा हं,’’ सर म्हणाले. ‘‘मी जरा जास्तच...’’

‘‘छान ओरडलात. पण गळ्यातून ओरडू नका, पोटातून ओरडा. नाहीतर महिन्याभरात तुमचाही कर्नल होईल.’’ साबणाची जाहिरात संपत आली तशा त्या घाईने म्हणाल्या, ‘‘कॉलर आत दुमडलीय, डावीकडची,’’ आणि लगेच बोट रोखून गरजल्या, ‘‘चोरांकडून भूगोल शिकायची वेळ आमच्यावर अजून आलेली नाही!’’

दुसऱ्या दिवशी सर घराबाहेर पडले तर जग बदललेलं. न्हाव्याने पैसे घ्यायला नकार दिला. एरवी सरांचा नमस्कार खिशात टाकून पुढे जाणारे प्राचार्य स्वतः दार उघडायला आले. सगळ्यात कमाल केली भावोजींनी. सरांच्या बहिणीचे यजमान, फर्निचरचं दुकान; इतकी वर्षं ते मेहुण्याला ‘लोण्याचा गोळा’ म्हणत आले होते. त्यांनी दुकानाच्या दर्शनी भागात सरांचा मूठ आपटतानाचा फोटो लावला आणि खाली लिहिलं : ‘आमची टेबलं मजबूत आहेत.’

सर रोज संध्याकाळी ओरडायला लागले. सवयीने काय होत नाही? पण खरी ओढ ओरडण्याची नव्हती. दोन्ही देशांमधले फोन बंद, टपाल बंद, रस्ता बंद. उघडी राहिली होती ती एवढी एकच तार, तीही एकमेकांना शिव्या घालायला. आणि जाहिराती लागल्या की त्या तारेवर दोन माणसं उरायची. तिसरे म्हणजे आवाजाचं यंत्र सांभाळणारे काका. ते पहिल्याच आठवड्यात सरांना म्हणाले होते, ‘‘मी काही ऐकत नाही. माझं काम फक्त तार बघण्याचं.’’ आणि लगेच पुढे, ‘‘पण बाईंना विचारा, वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन कसं झालं.’’

ऑपरेशन चांगलं झालं होतं. वडील म्हातारे, कानाने ठार बहिरे, घरात दोघंच. वकीलबाईंचं एकदा लग्न झालेलं, मोडलेलं. ‘‘त्यांना शांत बायको हवी होती,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी घरात शांतच असते, पण त्यांचा विश्वास बसेना.’’ सरांनी सांगितलं की त्यांना समुद्राची भीती वाटते आणि तरी ते मुलांना समुद्र शिकवतात. वकीलबाई इतक्या हसल्या की जाहिरात संपल्यावर त्यांना कपाळाला आठ्या पाडायला वेळ लागला. निवेदकाला वाटलं, संताप आवरत नाहीये.

अशी गाद्यांची, साबणांची आणि दंतमंजनाची एकेक जाहिरात करत प्रकरण वाढत गेलं. सर घरी शब्द मोजून बोलणारे. पण थोडक्या वेळात मनातलं सांगून टाकायची त्यांना सवय लागली. कॉलेजात तास घेताना मधेच ते गप्प होऊन घड्याळाकडे बघायचे. मुलांना वाटायचं, देशाची चिंता.

एकदा ब्रेक लागताच वकीलबाई म्हणाल्या, ‘‘काल बाबांनी गंमत केली. त्यांना ऐकू येत नाही, नुसतं बघतात. मला म्हणाले, हा रोज तुझ्याशी बोलतो तो गृहस्थ कोण? मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, शत्रू.’’

‘‘मग?’’

‘‘म्हणाले, ते कळलं गं. लग्न कधी करताय?’’

सरांनी पडद्याकडे पाहिलं. वकीलबाई पडद्याकडे पाहत नव्हत्या.

‘‘तुम्ही... काय लिहिलंत मग?’’

‘‘पाटी पुसली.’’

ब्रेक संपला. निवेदक म्हणाला, ‘‘सर, शत्रूच्या या निर्लज्ज दाव्याला तुमचं उत्तर?’’ आणि सरांच्या तोंडून शब्द निघाले, ‘‘वकीलबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे.’’

निवेदकाला ठसका लागला. घरी पोचेपर्यंत भावोजी येऊन बसले होते. ‘‘तथ्य? शत्रूच्या म्हणण्यात तथ्य? उद्या दुकान उघडू की नको मी?’’ आई म्हणाली, ‘‘अरे, थकला असेल तो.’’ पण तिने सरांच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी न्हाव्याने पैसे घेतले. वाहिनीवरून निरोप आला, की तोफ थंडावली असेल तर बाहेर एक ‘ज्वालामुखी’ खुर्चीसाठी थांबून आहेत.

त्या संध्याकाळी पहिल्याच ब्रेकमध्ये वकीलबाई म्हणाल्या, ‘‘असं करू नका. तुम्ही नीट भांडला नाहीत तर भेट बंद होईल. आमच्याकडेही तेच म्हणतायत.’’

‘‘मला तुम्हाला वाईट बोलवत नाही आता.’’

‘‘बोलवत नाही म्हणजे काय? रोज येतेय मी इथे तुमच्या शिव्या खायला. चांगल्या आणत चला. ‘विषवल्ली’ ऐकून ऐकून कंटाळा आला.’’

तेव्हापासून सर शिव्यांवर मेहनत घ्यायला लागले. दुसरा कोणी फुलं घेऊन गेला असता, हे नवा अपमान घेऊन जायचे. सकाळी चहा पिताना सुचलेला शब्द दिवसभर घासूनपुसून संध्याकाळी सादर करायचा. ‘‘वाळवीला वकिलीची सनद मिळाली तर ती तुमच्यासारखी बोलेल,’’ असं सर म्हणाले त्या दिवशी वकीलबाईंचे डोळे चमकले, आणि ब्रेकमध्ये त्या म्हणाल्या, ‘‘किती वेळ लागला हो याला?’’ सर लाजून म्हणाले, ‘‘दुपार गेली.’’ बाईंनी परतफेड केली ती ‘‘उकिरड्यावर चढून उंची मोजणारे’’ अशी. सरांनी तो वाक्प्रचार आठवडाभर मनातल्या मनात घोळवला.

कार्यक्रम इतका चालला की लोक जेवणं लांबणीवर टाकायला लागले. भावोजींनी खटपट करून सरांच्या जिवाला पलीकडून धोका असल्याचा अर्ज दिला, आणि सरकारने एक आडदांड अंगरक्षक दिला. तो सरांच्या मागे वर्गातही बसायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्याला भूगोल समजायला लागला होता.

पण शब्द तोंडातून सुटले की आपले राहत नाहीत. वाळवीचं वाक्य एका मंत्र्याने सभेत वापरलं, पण बाईंऐवजी पलीकडच्या सगळ्या माणसांबद्दल. सभेवरून परतणाऱ्या लोकांनी बाजारातली एक दोन दुकानं फोडली. दुकानदारांचे आजोबा पलीकडून आलेले होते, एवढाच त्यांचा गुन्हा. आठवड्याने तिकडे उकिरड्याच्या वाक्यावरून तेच झालं. आणि मग खिंडीत पुन्हा गोळीबार झाला. त्या संध्याकाळी निवेदकाने छाती फुगवून सांगितलं, ‘‘आपल्या जवानांना बळ मिळतं ते अशा तोफांमुळे!’’ मागच्या पडद्यावर मेलेल्या पोरांचे फोटो सरकत होते. त्यातला एक सरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा.

ब्रेक लागला. यंत्रावरच्या काकांनी खोकून पाहिलं.

‘‘आपल्यामुळे नाही झालं हे,’’ शेवटी सर म्हणाले. ‘‘खिंडीचं भांडण आपल्या आधीपासूनचं आहे.’’

‘‘असं मी रोज कोर्टात ऐकते,’’ वकीलबाई म्हणाल्या. ‘‘प्रत्येक आरोपी हेच म्हणतो.’’

‘‘मग बंद करू या.’’

‘‘आणि?’’

बंद करायचं म्हणजे खुर्ची सोडायची, म्हणजे ज्वालामुखी येणार, आणि भांडण चालूच राहणार; फक्त ही दोघं एकमेकांना परत दिसणार नाहीत. ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ म्हणतात, इथे तोंड उघडं होतं आणि मार तोच होता.

वाट निघाली ती निवेदकाच्या हव्यासातून. त्याच्या खटपटीने एका तिसऱ्या, लांबच्या देशातल्या वाहिनीने दोघांना समोरासमोर बसवून ‘महाचर्चा’ घ्यायचं ठरवलं. दोन्ही सरकारांनी आनंदाने परवानगी दिली; आपली तोफ जवळून डागली तर जास्त लागेल, असा दोघांचाही हिशेब. बातमी आली त्या संध्याकाळी ब्रेक लांब होता. एका बँकेची नवी योजना आली होती.

सर म्हणाले, ‘‘तिकडे गेल्यावर परत यायलाच पाहिजे असं आहे का?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे... मला नीट विचारता येत नाही. आई म्हणते मी फार वेळ घेतो.’’

‘‘बँकेचं व्याज सांगून झालं की संपेल जाहिरात.’’

‘‘माझ्याशी लग्न कराल का?’’

पडद्यावर वकीलबाईंनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय सरांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा चेहरा उघडाबोडका आणि थोडा घाबरलेला दिसत होता. मग त्यांनी होकाराची मान हलवली, चष्मा घातला, आणि पुढचं वाक्य सगळ्या देशाने ऐकलं : ‘‘या माणसाशी माझं कधीही एकमत होणार नाही!’’ काकांनी आपल्या यंत्राआड तोंड लपवलं.

तिसऱ्या देशातल्या हॉटेलच्या बैठकीच्या खोलीत दोघं पहिल्यांदा भेटले. सरांच्या मागे त्यांचा आडदांड, बाईंच्या मागे त्यांच्या सरकारने दिलेली एक सडपातळ, करारी अंगरक्षक बाई. वकीलबाई दारातून आत आल्या तेव्हा किंचित लंगडत होत्या. पडद्यावरचा चौकोन छातीशी संपायचा; त्यांना पाय आहेत आणि त्यातला एक लहानपणापासून अधू आहे, हे सरांना माहीतच नव्हतं. बाईंनीही सरांच्या पोटाकडे पाहिलं.

‘‘एवढं आहे, हे सांगितलं नाहीत कधी,’’ त्या म्हणाल्या.

‘‘ब्रेक लहान असायचे,’’ सर म्हणाले.

मग दोघं समोरासमोर बसले आणि बोलता येईना. इतका वेळ एकदम हातात पडला होता, त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. चहा आला, गार झाला. शेवटी बाईंनी बोट उचलून खोलीतल्या टीव्हीकडे दाखवलं. कुठल्याशा परक्या भाषेत पंख्याची जाहिरात चालू होती. दोघं एकदम बोलायला लागले.

लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत झालं. साक्षीदार दोन हवे होते, आणि त्या शहरात त्यांच्या ओळखीची माणसं दोनच. सरांनी आडदांडाला विचारलं. त्याने बराच विचार केला. ‘‘साहेब, मला तुम्हाला गोळीपासून वाचवायचा हुकूम आहे. याच्यापासून वाचवायचा हुकूम नाही,’’ असं म्हणून त्याने सही केली. सडपातळ बाईने त्याची सही वाचून, खात्री करून, मग खाली आपली केली. समोरच्या अधिकाऱ्याने दोघांचे पासपोर्ट पाहिले आणि भुवया वर गेल्या.

‘‘तुमचे दोन देश भांडतायत ना?’’

‘‘हो,’’ वकीलबाई म्हणाल्या. ‘‘आम्हीच भांडतोय.’’

संध्याकाळी महाचर्चेत निवेदकाने ‘‘आज आमनेसामने!’’ अशी आरोळी ठोकली. सर पोटातून श्वास घेऊन म्हणाले, ‘‘आम्ही आज सकाळी लग्न केलं. आमच्या तोंडून जे वाईट गेलं त्याची लाज वाटते. खिंडीत मेलेला एक मुलगा माझा विद्यार्थी होता. मी त्याला मार्कसुद्धा नीट दिले नव्हते.’’ पुढे वकीलबाई बोलणार होत्या, पण निवेदकाने दोन्ही हात वर करून ब्रेक मागितला. त्या दिवशी दोन्ही देशांत जाहिराती इतका वेळ चालल्या की लोकांना साबणांच्या किमती पाठ झाल्या.

इकडे घरी काय झालं, ते सरांना आईकडून तुकड्यातुकड्याने कळलं. पहिले दोन दिवस देशाला काय वाटून घ्यावं हे सुचेना. तिसऱ्या दिवशी भावोजींना सुचलं. ‘‘पळवलं!’’ ते दुकानासमोर जमलेल्या गर्दीला म्हणाले. ‘‘आमची तोफ शत्रूने पळवली! जाळ्यात ओढलं, औषध पाजलं, नाहीतर हा माणूस आणि लग्न?’’ हा शेवटचा मुद्दा ओळखीच्या सगळ्यांनाच पटला. ‘तोफ सुटका समिती’ स्थापन झाली, भावोजी अध्यक्ष. पलीकडच्या देशातही तेच : आमची वाघीण पळवली. दोन्ही देशांत मोर्चे निघाले, दोन्हीकडे घोषणा त्याच. आपलं माणूस आपल्या पायांनी गेलं, हे मानायला कोणीच तयार नव्हतं.

सुंठीवाचून खोकला गेला, म्हणजे दोघांना देशद्रोही कोणी म्हणालं नाही. कैद्याला कसं म्हणणार? पण परतीची वाटही बंद झाली, कारण परत जायचं तर आपल्याला कसं डांबून ठेवलं होतं ते सांगावं लागलं असतं.

ते तिथेच राहिले. कपडे धुण्याच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या. यंत्रं चालू झाली की फरशी दिवसभर गरम असायची. सरांना एका शाळेत काम मिळालं. त्या खिंडीचं नावही तिथल्या मुलांनी ऐकलं नव्हतं. सरांचा आवाज पुन्हा तिसऱ्या बाकापर्यंत आला. वकीलबाई घरं विकत घेणाऱ्यांचे कागद तयार करून द्यायच्या. बहिऱ्या वडिलांना त्यांच्या देशाने लेकीच्या सुटकेची विनवणी करायला म्हणून पाठवलं, ते आले ते राहिलेच. त्यांनी सरांना पाहिलं आणि विचारलं, ‘‘एवढे दिवस का लावलेत?’’

संसारातली अडचण निराळीच होती. दोघांना एकमेकांशी भांडता येईना. चारचौघांत वर्षभर इतकं भांडून झालं होतं, की घरात आवाज चढायची वेळ आली की दोघंही एकदम गप्प व्हायचे आणि वेगवेगळ्या खिडक्यांतून बाहेर बघत बसायचे. बहिरे वडील म्हणायचे, ‘‘आज घरात फार शांतता आहे. काही बिनसलंय का?’’

आई फोन करायची ती भावोजी दुकानात असताना. सुनेचं नाव काढायची नाही. ‘‘जेवतोस का?’’, ‘‘झोप लागते का?’’ एवढंच. एक दिवस म्हणाली, ‘‘मी येतेय. समिती तिकीट काढतेय. तुझ्या सुटकेसाठी आईची धडपड, असं छापून येणार आहे.’’

‘‘आई, तुला येववेल का गं?’’

‘‘न येऊन करू काय?’’

आई आली. विमानतळावर सुनेकडे न बघता तिच्या हातात पिशवी दिली. आठवडाभर ती सुनेशी बोलली ते सरांमार्फत. ‘‘तिला सांग, चहात साखर कमी आहे.’’ सून समोरच उभी. सर सांगायचे. सून म्हणायची, ‘‘त्यांना सांगा, डबा तुमच्या हाताशी आहे.’’ सर तेही सांगायचे. आपण आता निवेदक झालो आहोत, असं त्यांना वाटायला लागलं.

एका सकाळी आई स्वयंपाकघरात वाकून काहीतरी शोधत होती. वर उठली ती थाडकन कपाटाच्या उघड्या दारावर आपटली. कपाळ धरून ती ओरडली, ‘‘अगं, हा अजून कपाटांची दारं उघडीच टाकतो?’’

वकीलबाई ओलं फडकं घेऊन धावल्या. ‘‘हो! सगळी! रोज!’’

‘‘मग तू काही बोलत कशी नाहीस?’’

‘‘मला वाटलं, तुमच्या देशात तशीच पद्धत असेल.’’

आईने तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग खाली बसून हसायला लागली, कपाळावर टेंगूळ घेऊन हसली, आणि वकीलबाई शेजारी बसून टेंगळावर फडकं धरून हसल्या. सर दारात आले तेव्हा दोघी एकदम त्यांच्याकडे वळल्या आणि जे काही बोलल्या ते ऐकून, आपल्याला पूर्वी एकट्या बाई बोलायच्या तेच बरं होतं, असं त्यांना वाटलं. त्या दिवसापासून घरात भांडणं व्हायला लागली. चांगली, छोटी, जेवणाआधी संपणारी. वडील म्हणाले, ‘‘आता बरं वाटतंय.’’

आई आली होती पंधरवड्यासाठी, ती थंडी संपेपर्यंत राहिली. समितीला कळवलं, वाटाघाटी चालू आहेत. दुपारी दोघी खालच्या दुकानामुळे गरम झालेल्या फरशीवर पाय ठेवून बसायच्या. आईचे गुडघे आणि सुनेचा अधू पाय, दोन्हींना शेक मिळायचा. निघायच्या दिवशी विमानतळावर आईने सुनेला धरलं ते सोडेना. पदराने डोळे पुसत म्हणाली, ‘‘हा काही सांगणार नाही. तूच फोन करत जा गं. भावोजी दुकानात असताना.’’

दुसऱ्या दिवशी सर आणि वकीलबाई टीव्हीसमोर बसले. आईच्या देशातल्या विमानतळावर ही गर्दी! फलक, घोषणा, भावोजींच्या हातात पुष्पगुच्छ. आई बाहेर आली तशा माइकच्या दांड्या पुढे झाल्या.

‘‘आई, मुलाला कसं ठेवलंय त्यांनी?’’

आई म्हणाली, ‘‘बारीक झालाय.’’

सरांनी आपल्या पोटावर हात ठेवला. गर्दीतून संतापाची लाट गेली.

‘‘आणि ती बाई? ती भेटली का? तिने काय केलं तुम्हाला?’’

आईने तोंड उघडलं. ओठ हलले, पण शब्द फुटेना. तिने पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली. खरं, हुंदके देऊन, खांदे हलवत. भावोजींनी माइक आपल्याकडे ओढला. ‘‘पाहिलंत? पाहिलंत ना? बोलवतसुद्धा नाही त्यांना! काय काय सोसलं असेल या माऊलीने!’’ लोकांचे डोळे पाणावले. कोणीतरी घोषणा दिली.

सर काहीतरी बोलायला वळले, तर शेजारी वकीलबाई चष्मा काढून हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसत होत्या.

‘‘पोचल्या एकदाच्या सुखरूप,’’ त्या म्हणाल्या, आणि उठून आतल्या खोलीत आईची गादी गुंडाळायला गेल्या.